कातळात मुरलेलं पाणी

मे २०१४ मध्ये कोयनानगरला एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. आयसीडीपी, म्हणजे खंडांच्या कवचात खोल छिद्रं पाडून संशोधन करणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम, तिच्यामागे होता आणि सोबतीला हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था. तीन वर्षांपूर्वी, मार्च २०११ मध्ये, अशीच पहिली बैठक हैदराबाद आणि कोयना अशा दोन ठिकाणी झाली होती. चर्चेचा मुद्दा वरवर पाहता खोदकामाच्या कंत्राटाचा वाटावा असा होता: भोक कुठं पाडायचं, किती खोल न्यायचं आणि आत काय सोडायचं. पण ज्या गावातली बहुतेक घरं १९६७ च्या एका पहाटे पडली, त्याच गावात बसून त्याच भूकंपाच्या उगमापर्यंत पोचायचे बेत आखले जात होते.

सातारा-सांगलीच्या भूशास्त्रावरचं कुठलंही चर्चासत्र घ्या, कार्यक्रमपत्रिकेवर सत्रं वेगवेगळी दिसतात. लाव्हाचे थर एका दालनात, भूकंप दुसऱ्यात, भूजल तिसऱ्यात, दरडी आणि जमिनीची क्षारता दुपारच्या जेवणानंतर. माणसंही वेगळी असतात, एका दालनातला सहसा दुसऱ्यात डोकावत नाही. मला मात्र ही विभागणी सोयीपुरती वाटते. या दोन जिल्ह्यांपुरतं बोलायचं तर सगळ्या दालनांत एकच प्रश्न वेगवेगळ्या खोलीवर विचारला जातो: पडलेलं पाणी कातळात कुठवर जातं, आणि गेल्यावर काय करतं?

सर्वांत खोल उत्तर कोयनेचं आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

कोयना धरण १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून थोडं अधिक लांब. त्याचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि लगेचच आसपासच्या गावांना जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला, बारीक हादरे बसू लागले. तेव्हा दख्खनचं पठार हा स्थिर, थंड, म्हातारा भूभाग मानला जात होता. देशाच्या त्या वेळच्या भूकंपप्रवणता नकाशात इथल्या बहुतेक भागाला 'शून्य' विभाग होता. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरच्या तीव्रतेचा धक्का बसला. आणि ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. धरण फुटलं नाही, पण ज्या उंचीवर त्याच्या भिंतीचा मागचा उतार बदलतो तिथं आडव्या भेगा गेल्या. पुढं मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आलं. धरणाच्याच एका खणात बसवलेल्या यंत्रावर त्या धक्क्याची नोंद उमटली. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे तपासणारे अभियंते आजही जगभर ती नोंद वापरतात. पाटण तालुक्यातल्या एका नदीचं नाव त्यांच्या पाठ्यपुस्तकांत असं पोचलं. १९७० साली नकाशा सुधारला तेव्हा 'शून्य' हा विभागच काढून टाकण्यात आला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला.

धरणांमुळे भूकंप होतात हा संशय त्याआधीचा. अमेरिकेत हूव्हर धरणाचा मीड जलाशय १९३५ पासून भरला, तेव्हा तिथं हादरे सुरू झाले होते. चीनमध्ये शिनफेंगजियांग, आफ्रिकेत करिबा, ग्रीसमध्ये क्रेमास्ता इथं १९६० च्या दशकात सहाच्या आसपासचे धक्के बसले. डेन्व्हरजवळ तर धरणच नव्हतं. तिथल्या लष्करी कारखान्यानं साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडायला १९६२ मध्ये सुरुवात केली आणि महिन्याभरातच जमीन हलू लागली. कोयनेचा धक्का मात्र जलाशयाशी जोडल्या गेलेल्या भूकंपांत आजवर सर्वांत मोठा मानला जातो.

आता हिशेब पाहा. शंभर मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब साधारण साडेतेराशे किलो. म्हणजे धरणानं भर घातली ती शेकड्याला एकाहूनही कमी. एवढ्याशा वजनानं कातळ सरकत असेल तर तो आधीच सरकण्याच्या बेतात होता. भारताचा भूखंड उत्तरेकडं रेटत असल्यामुळे साठलेला ताण इथल्या जुन्या भ्रंशांवर आहेच, धरणानं शेवटचा धक्का दिला. आणि तो वजनानं कमी, भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यानं जास्त. भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, त्यांच्यामधल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते. 'धरणामुळे भूकंप' आणि 'धरणाचा काही संबंध नाही' असे दोन तट कित्येक वर्षं एकमेकांवर तुटून पडत होते. मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच खरं होतं.

भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या पाणीपातळीच्या आणि धक्क्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी ठेवल्या. जलाशय पावसाळ्यात किती झपाट्यानं भरतो, उंच पातळी किती काळ टिकते, आणि पाणी आधीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेलं का, या तीन गोष्टींना महत्त्व असल्याचं त्यांना दिसलं. मोठा धक्का पातळी सर्वाधिक असते त्याच दिवशी बसतो असं नाही, मध्ये काही आठवडे-महिने जातात. १९६७ चा डिसेंबरात बसला. पाण्याला खाली पोचायला वेळ लागतो, तो हा.

मग गोष्ट सांगली जिल्ह्याच्या हद्दीकडं सरकली. शिराळा तालुक्यातल्या चांदोलीजवळ वारणेवरचं धरण, त्याचा वसंतसागर, १९८५ पासून भरू लागला. कोयनेपासून दक्षिणेला हे अंतर तीसेक किलोमीटर. धक्क्यांचं क्षेत्रही दक्षिणेकडं पसरलं. डिसेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये वारणेच्या बाजूला पाचाच्या वरचे भूकंप झाले. १९९३ च्याच सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप घडून गेलेला असल्यानं सगळा महाराष्ट्र धास्तावलेला होता. कोयनेकडं खडक आडवे घसटत सरकतात, वारणेकडं एक बाजू खाली बसते. तीस किलोमीटरांत हालचालीची तऱ्हा बदलते.

पण जगभरचे शास्त्रज्ञ इथं यायला राजी झाले ते वेगळ्या कारणानं. साधारण तीस बाय वीस किलोमीटरच्या एवढ्याशा पट्ट्यात १९६२ पासून आजवर पाचाच्या वरचे वीसेक, चाराच्या वरचे दोनशेच्या आसपास आणि लहान तर हजारोंनी भूकंप झाले आहेत. ते उथळ आहेत, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत. आसपास पन्नास किलोमीटरांत दुसरं भूकंपकेंद्र नाही. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशापर्यंत खोदून झालं होतं, पण जलाशयाशी जोडलेला भूकंप जन्मतो त्या जागेजवळ उपकरणं नेऊन बसवण्याची अशी सोय क्वचितच मिळते. कार्यशाळेतल्या चर्चेचा गाभा हा होता.

त्यानंतर कराडजवळ हजारमाचीला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची छिद्रभूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. आधी दीड किलोमीटरपर्यंतची नऊ शोधक छिद्रं घेतली गेली. मग कोयनेच्या दक्षिणेला गोठण्यात तीन किलोमीटरचं प्रायोगिक छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झालं. सहा किलोमीटरपर्यंत जाण्याची योजना त्यापुढची आहे.

छिद्रातून वर काढलेला खडक म्हणजे दंडगोल, कामावरची माणसं त्याला 'कोअर' म्हणतात. हे दंडगोल लांब पेट्यांत खोलीच्या क्रमानं मांडून ठेवतात आणि दर खणावर मीटर लिहितात. पेट्यांच्या रांगेवरून चालत गेलं की वरून खाली उतरल्यासारखं होतं. काळा, घट्ट, आवाज करणारा बेसाल्ट. मग तोच बेसाल्ट भोकाभोकांचा, भोकं पांढऱ्या झिओलाइटनं भरलेली. मध्येच हातभर तांबडी, गेरूसारखी पट्टी. पुन्हा काळा. नऊ शोधक छिद्रांपैकी रासाटीच्या छिद्रात हे ९३२ मीटरपर्यंत चाललं, गोठण्यात जवळपास साडेबाराशे मीटरपर्यंत. आणि मग एका जागी, मध्ये ना वाळू ना गाळ ना नदीचे गोटे, थेट गुलाबी-करडा ग्रॅनाइट. वरचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा ग्रॅनाइट अडीचशे ते पावणेतीनशे कोटी वर्षांचा. त्या दोहोंमधल्या दोन अब्जांहून अधिक वर्षांचं इथं काहीच शिल्लक नाही. बोटभर रुंदीच्या सांध्यात ती संपून गेलेली.

भूकंप होतात ते या ग्रॅनाइटमध्ये. आणि गोठण्याच्या छिद्रात तीन किलोमीटर खाली जे पाणी सापडलं, ते खोलात अडकून पडलेलं प्राचीन समुद्रजल वगैरे नव्हतं. ते पावसाचं निघालं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून ग्रॅनाइटच्या भेगांतून तीन किलोमीटर खोल पोचतो आणि तिथं फिरतो. कागदावरच्या गणितात जे झिरपणं गृहीत धरलं होतं, त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा. खडकांवरचा ताणही अगदी काठावर असल्याचं मोजमापांतून दिसलं.

त्या लाव्हाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दख्खनच्या थरांचा अभ्यास जगभर ज्या नावांनी चालतो त्यांतली काही आपल्या घाटांची आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटानं चढताना रस्ता हजार मीटरहून अधिक जाडीचा लाव्हा कापत जातो. दिसायला सगळा काळाच. १९८५ मध्ये कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर परिसरातल्या थरांची रासायनिक उतरंड मांडली. खडकातल्या स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम अशा घटकांवरून थर वेगळे ओळखता येतात हे त्यातून पक्कं झालं. खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं रूढ झाली. आंबेनळीचा लाव्हा वर येताना वाटेतला कवचाचा खडक फारसा न विरघळवता आलेला, पोलादपूरच्यात मात्र ती भेसळ जाणवते. या रासायनिक ओळखीच्या जोरावर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचा लाव्हा इकडूनच, हजार किलोमीटर वाहत गेला, असं मांडता आलं.

डायनोसॉर लाव्हानं मारले की मेक्सिकोतल्या उल्केनं, हा वाद सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनची कालगणना छापली. प्रिन्स्टनच्या गटानं थरांमधल्या झिरकॉनचं वय काढलं आणि उद्रेक चार मोठ्या उसळ्यांत झाले, त्यांतली पोलादपूरची उसळी उल्का पडण्याच्या कित्येक दशसहस्र वर्षं आधी सुरू झाली, असं म्हटलं. बर्कलीच्या गटानं लाव्हातल्याच आर्गॉनवरून वय काढलं आणि सुमारे पाऊण लाव्हा उल्केनंतर बाहेर पडला, असं म्हटलं. खडक तेच घाटातले, निष्कर्ष जुळत नाहीत. प्रिन्स्टनवाल्यांना झिरकॉन मिळाले ते बहुतांशी दोन लाव्हांमधल्या त्या तांबड्या पट्ट्यांत. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत वरच्या खडकाची हवा-पाण्यानं माती झाली, ती ही पट्टी. म्हणजे इथंही घड्याळ लावलं ते पाण्यानंच.

डोंगरमाथ्यावर पाण्याचं काम सर्वांत उघड दिसतं. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास पठार यांच्या माथ्यावर जांभ्याचं टोपण आहे. लाखो वर्षांच्या पावसानं बेसाल्टमधली सिलिका, चुना, सोडा धुऊन नेला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं उरलं. कासला वरची माती जेमतेम काही इंच, तीही निकस. म्हणूनच तिथं किडे खाऊन नायट्रोजनची उणीव भागवणाऱ्या वनस्पती वाढतात. पर्यटकांना फुलं दिसतात, फुलांना मात्र खालच्या जांभ्याशीच जमवून घ्यावं लागतं. जांभा सच्छिद्र, त्याच्याखाली पांढरट चिकणमाती. पाणी जांभ्यातून सरळ उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. कृष्णेच्या, कोयनेच्या, वेण्णेच्या उगमाकडच्या झऱ्यांचं गणित असं आहे.

हीच रचना उतारावर जीवघेणी ठरते. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. घट्ट कातळावर मुरमाचा आणि मातीचा थर, मध्ये कुठंतरी पाणी न सोडणारी चिकण पट्टी. पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि त्याच्या दाबानं वरचा थर सुटला. कोयनेच्या भ्रंशावर पाच किलोमीटर खाली जे घडतं, तेच इथं पाच-दहा मीटरांवर घडलं. दरडींचे आणि भूकंपांचे अभ्यासक एकाच चर्चासत्रात दोन दालनांत बसतात, याचं मला जरा नवल वाटतं ते यामुळे.

आता घाटमाथा सोडून पूर्वेला या. महाबळेश्वरचा सरासरी पाऊस सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आतच म्हसवड, जिथं पाचशेही नेमानं पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. खडक मात्र तोच. कोयनेत तीन किलोमीटर खाली पाणी जातं तर इथल्या शेतकऱ्याला पाचशे फुटांवरही का मिळत नाही?

माण-आटपाडीकडच्या एखाद्या जुन्या, उतरलेल्या विहिरीत डोकावलं तर उत्तर भिंतीवरच लिहिलेलं असतं. वर काळी किंवा तांबूस माती. मग मुरूम, हातानं कुस्करता येणारा. त्याखाली भेगाळलेला, कुजकट खडक, गोल-गोल साली सुटलेला. याच्याच तळाशी दगडातून ओल पाझरताना दिसते, गवताचे झुबके तिथंच असतात. त्याखाली मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा. आणि मग काळा पाषाण, ज्यात सुरुंगाशिवाय उतरता येत नाही. भोकं दिसतात म्हणजे पाणी असेल, असं नाही. वायूच्या बुडबुड्यांची ती भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, आणि बहुतेक झिओलाइटनं बुजलेली असतात. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हांच्या सांध्यात. तेही किती? भूजलाच्या सरकारी हिशेबात झिजलेल्या बेसाल्टला शंभरात साधारण दोनच धरतात. शंभर घनमीटर मुरूम पूर्ण भिजलेला असेल तर विहिरीला त्यातले दोन घनमीटर पाणी मिळणार. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत हाच आकडा सोळाच्या घरात जातो.

म्हणून बोअर खोल नेली की पाणी वाढतं हा समज बेसाल्टमध्ये फसवा आहे. खोल जाल तशा भेगा कमी आणि आवळलेल्या. एखादी भेग लागलीच तर पाणी जोरात येतं, मालक गुलाल उधळतो, पण त्या भेगेचं पुनर्भरण व्हायला किती वर्षं लागतील हे कुणी विचारत नाही. कोयनेतलं खोल पाणी आणि इथलं खोल पाणी यांत विरोध नाही. तिथं अफाट पाऊस, सोबत शंभर मीटर पाण्याचा सतत दाब आणि ताणानं उघडलेले भ्रंश आहेत. भूकंपाला थेंबभर पाणीही पुरतं, उसाला पुरत नाही.

१९७२ च्या दुष्काळात राज्यानं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली, तेव्हापासून निरीक्षण विहिरींची पाणीपातळी नियमित मोजली जाते. त्या आकड्यांचं महत्त्व पाणाड्याच्या नारळापेक्षा जास्त आहे, पण गावात अजून नारळाला गिऱ्हाईक जास्त. मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून या पठारावर आणलं. द्राक्षं, डाळिंबं, ऊस आला. भूशास्त्राच्या दृष्टीनं हा एक प्रचंड प्रयोगच आहे: शंभरात दोन एवढंच पाणी धरणाऱ्या खडकावर दर वर्षी बाहेरून पाणी ओतायचं.

त्याचा निकाल कसा लागू शकतो, हे बघायला कृष्णाकाठी उतरावं. वाळवा, मिरज, पलूस या पट्ट्यात काळी जमीन खोल, चिकणमातीचं प्रमाण मोठं, उतार नगण्य. उसाला पाटानं वर्षानुवर्षं पाणी दिलं, ते खाली मुरलं पण पुढं सरकलं नाही. भूजलपातळी मुळांपर्यंत चढली. उन्हानं पाणी उडून गेलं, त्यातले क्षार वर राहिले. आधी उसाचं पान पिवळं पडतं, मग रानात पांढरे पट्टे उमटतात, आणि एके काळी शंभर टनांची गोष्ट सांगणारं रान क्षारपड म्हणून पडीक होतं. काही रानं चोपण होतात: सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, ते भेगा बुजवतात आणि पाऊसही आत जात नाही.

उपाय ठाऊक आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर काम चालतं. मीटर-सव्वा मीटर खोलीवर भोकं पाडलेले पाईप गाळणी गुंडाळून ठरावीक अंतरानं पुरतात. रानातलं खारं पाणी त्यांत उतरतं, मोठ्या पाईपला मिळतं आणि ओढ्याला जातं. दोन-तीन पावसाळ्यांत क्षार धुतले जातात. अडचण तंत्रात नसते. माझ्या रानाचं पाणी ओढ्याला पोचायचं तर मधल्या चार शेजाऱ्यांच्या रानाखालून पाईप न्यावा लागतो. त्यांतल्या दोघांची जमीन अजून चांगली असते, एकाचा बांधावरून दावा चालू असतो आणि चौथा पुण्याला राहतो. म्हणून ही योजना जिथं जमली, तिथं आधी सगळा पट्टा एकत्र मोजून उताराचा नकाशा काढला, सर्वांच्या सह्या घेतल्या, आणि चरासाठी पहिली कुदळ ओढ्याच्या बाजूनं, सर्वांत खालच्या रानात मारली.